तिसरा ग्लास

कॉर्क, आयर्लंड
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. अनीशराव यांस,

बेलापूरहून तुमच्या सासूबाईंचे आणि इथून माझे आशीर्वाद. मी खुशाल आहे. इथली थंडी आपल्या पौषातल्यासारखी आहे आणि इथले लोक तिला अजून उन्हाळाच म्हणतात. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. लीनाच्या आईने दिलेली मेतकुटाची पुडी विमानतळावर एका अधिकाऱ्याने उघडायला लावली. त्या पिवळ्या पुडीकडे तो ज्या नजरेने बघत होता ती मला फार लागली. पण मग इथे येऊन आठवडाभर मी स्वतःच्या मुलीकडे त्याच नजरेने बघत राहिलो. तुमच्या कामासाठी.

शिर्डीच्या विमानतळावर मला खांबाआड नेऊन तुम्ही म्हणालात, "अप्पा, ती माझ्याशी महिनोन् महिने बोलत नाही. एक मेसेज नाही, एक फोटो नाही. तिथे कोणीतरी आहे. पबमध्ये बसते, पिते. तुम्ही डोळ्यांनी बघा आणि मला लिहा. फोन नको, ती ऐकेल." दिवाळीच्या आत तिने इथली नोकरी सोडायची आणि मी तिला सोबत घेऊन यायचं, असंही आपलं ठरलं. तुमचे डोळे भरून आले होते. मी आयुष्यभर सभा गाजवल्या, माणसांना हसवलं, रडवलं. समोरचं रडू खरं की खोटं हे मला ओळखता येतं, असा माझा समज होता.

म्हणून लिहितो. पानांचे फोटो काढून तुमच्या फोनवर पाठवीन. फोटो बघायची तुम्हाला आवड आहेच.

काल शनिवार होता. लीनाला सुट्टी होती आणि तिने मला शहर दाखवायचं ठरवलं. सकाळी खाली एक गाडी येऊन थांबली. गाडीत डोनल. हाच तो. तुम्ही दाखवलेल्या फोटोत लीनाच्या मागे ज्याचा अर्धा कान आणि तांबडी दाढी दिसते, तो. दुधाच्या प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर काम करतो. चाळिशीचा असेल. त्याने माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं, गुडघ्याची चौकशी केली आणि लीनाला विचारलं, "अप्पांना पुढे बसवू?" अप्पा! मी मनात नोंद केली. परक्या माणसाला घरातलं नाव कसं माहीत?

आधी आम्ही इथल्या जुन्या बाजारात गेलो. छप्पर असलेली मोठी मंडई, दीडदोनशे वर्षांहून जुनी. आपल्या राहात्याच्या बाजारात पेरूचे ढीग असतात तसे इथे बर्फावर मासे. एका गाळ्यावर तर प्राण्याची आतडी टांगलेली. मी डोळे मिटून चाललो. पुढे लोणी आणि चीजचे गाळे आले तेव्हा उघडले. लीना तिथे खुलली. कुठलं चीज कशाने विरजतात, कुठल्यात वासराच्या पोटातलं विरजण असतं आणि मला कुठलं चालेल, हे ती गाळेवाल्या बाईशी असं बोलत होती की ती बाई मला म्हणाली, "हिला आम्ही परत देणार नाही." मी हसलो. पण तेही मनात नोंदलं.

वरच्या माळ्यावर खाण्याची जागा आहे. बटाट्याचं सूप, जाडजूड काळपट पाव आणि बोटभर लोणी. बाजारात खायला माझी हरकत नव्हती. मुलीच्या घरी जेवायचं नाही हा माझा नियम तुम्हाला ठाऊक आहेच. तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा नाही. भाषणांतून मी पन्नास रूढींची सालटी काढली असतील; ही एक जपली. मुलीवर भार पडू नये, असा तिचा गोड अर्थ मी लावून घेतला होता. इथेही मी आठवडाभर माझा शिधा वेगळा ठेवला, स्वतःचा मेतकूटभात स्वतः केला आणि पिण्याचं पाणी दुकानातून आणलं. दारूबंदीचा प्रचारक, आडवी बाटलीवाला मास्तर रोज बगलेत बाटल्या मारून जिना चढतो म्हणून लीना हसायची.

तर, सूप आलं. लीनाने चमचा उचलायच्या आधी फोन उचलला. आणि अनीशराव, इथे मी सावध झालो. फोन दिसताच डोनल उठला, आपली थाळी आणि ग्लास घेऊन शेजारच्या टेबलावर गेला, पाठ करून बसला. लीनाने आमच्या टेबलाचा फोटो काढला. मग खुर्च्यांचा. कुणाला तरी पाठवला. डोनल परत आला आणि काहीच घडलं नाही अशा थाटात पावाला लोणी लावू लागला.

"कुणाला पाठवलास?" मी विचारलं.

"कुणाला नाही. असंच."

"असंच कुणी खुर्च्यांचे फोटो काढतं?"

"अप्पा, सूप गार होतंय."

चोराच्या मनात चांदणं. मला तुमचा शब्द आठवला.

मग शँडनचा मनोरा. टेकडीवर एक चर्च आहे, त्याच्या मनोऱ्यात घंटा आहेत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्या वाजवू देतात. दोऱ्यांना आकडे लावलेले असतात, समोर आकड्यांचा कागद. तो बघून ओढत जायचं. गुडघ्यामुळे मी पहिल्या मजल्यावर थांबलो, पण दोऱ्या तिथेच होत्या. मी कागद बाजूला सारला आणि आपल्या आरतीच्या तालात घंटा बडवल्या. डोनल म्हणाला, "अप्पा, आज साऱ्या शहराला वाटलं असेल की आग लागली." मला हसू आलं. ते मी दाबलं. हेराने हसू नये.

या मनोऱ्याला चार बाजूंना चार घड्याळं आहेत, आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. तासाच्या ठोक्याला जुळतात, मधल्या वेळात ज्याचं त्याचं वेगळं. शहरातले लोक त्याला चारतोंड्या खोटारडा म्हणतात. खाली आल्यावर मी बाकावर बसलो. लीना मनोऱ्याला चक्कर मारू लागली. एकदा झाली, दुसरी सुरू केली. हातात फोन, वर घड्याळाकडे बघते, फोनकडे बघते, मान हलवते, पुढच्या कोपऱ्यावर जाते. चौथ्या बाजूला तिने मला बोलावलं, घड्याळाखाली उभं केलं आणि फोटो काढला. डोनल पार रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याने नजर चुकवली.

आता माझी खात्रीच झाली. काहीतरी आहे. या दोघांमध्ये काहीतरी ठरलेलं आहे, सरावाचं आहे.

दुपारनंतर आम्ही मुख्य रस्त्यावर आलो. तिथे फादर मॅथ्यू नावाच्या धर्मगुरूचा पुतळा आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी या माणसाने इथल्या लाखो लोकांना दारू सोडायची शपथ दिली होती. मी पुतळ्यासमोर हात जोडले. आपण गावोगाव बाटलीच्या मतदानासाठी फिरलो ते आठवलं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. बायकांनी आडवीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. तुम्हीही एका सभेत माझ्या शेजारी व्यासपीठावर होतात, मला पाण्याचा ग्लास भरून दिला होता. फादरच्या डोक्यावर एक सीगल बसला होता. इथे पितृपक्षात कावळा नाही मिळाला तर हा चालेल, असं मी म्हटलं. लीना खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

डोनल म्हणाला, "याने अर्ध्या शहराची दारू सोडवली. उरलेलं अर्धं तेव्हापासून ती तूट भरून काढतंय." आणि पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या एका पबचं दार त्याने उघडलं.

निघताना गावातली लंकाबाई म्हणाली होती, "मास्तर, तिकडं समदेच पित्यात म्हनं. तुमी बगून या, पन येताना चालत या बरं का!" मी तिला शब्द दिला होता. तरी आत गेलो. तुम्ही सांगितलेलं बघायचं होतं.

आत लाकडाचा वास, कोपऱ्यात दोन म्हातारे सारंगी आणि पिपाणी वाजवत होते, आणि आश्चर्य म्हणजे कुणीच लोळत नव्हतं. डोनलने स्वतःसाठी ती काळी बियर आणली. वर साईसारखा फेस. माझ्यासमोर सफरचंदाचा रस आला. लीनासमोर एक उंच ग्लास, पाण्यासारखा, वर लिंबाची चकती. पाण्यासारखं काय काय असतं ते मला माहीत आहे. ती हात धुवायला गेली तशी मी तिचा ग्लास उचलला, इकडेतिकडे बघून वास घेतला, आणि शेवटी एक घोट घेतला.

लिमलेट. आपल्या गोळीसोड्याची गोरी बहीण.

मान वर केली तर डोनल माझ्याकडे बघत होता. त्याने आपला काळा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "यातही बघा एकदा. वास घ्यायचाच तर सगळ्यांचा घ्या." अनीशराव, आयुष्यात मला कुणी भर सभेत अंडं मारलं नाही. त्या वाक्याने ते मारलं.

लीना परत आली आणि तिने फोन काढला. डोनल त्याच क्षणी उठून वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांपाशी गेला. या वेळी घाईत त्याचा ग्लास टेबलावरच राहिला. तिने फोटो काढला, पाठवला, फोन टेबलावर ठेवला. शेजारी माझा फोन होता. तो तिनेच वापरून मला दिलेला, दोन्ही अगदी सारखे. दोन्ही एकाच मिनिटाला थरथरले. मी माझा समजून एक उचलला.

त्यावर लिहिलं होतं: "टेबलावर तीन ग्लास दिसतायत. तू आणि अप्पा दोघंच म्हणतेस. तिसरा ग्लास कुणाचा? खुर्चीसकट फोटो पाठव. लगेच. आणि मघाशी घड्याळात वेगळी वेळ कशी?"

वर तुमचं नाव होतं.

मग मी माझा फोन घेतला. त्यावर: "अप्पा, आज कुठे गेला होतात? ती काहीच कळवत नाही हो. फार काळजी वाटते."

त्यावरही तुमचंच नाव. "एक फोटो नाही" म्हणत तुम्ही अर्ध्या कानाचा फोटो दाखवला होतात, तो कुठून आला हेही तेव्हा कळलं.

मनोऱ्याला चार तोंडं आहेत. तुम्हाला दोनच पुरतात.

लीनाचा चेहरा कागदासारखा झाला. ती माझ्यावर चिडली नाही, रडली नाही. ती काय म्हणाली ते ऐका, कारण हे फोटोत आलं नसेल. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही पटकन त्या खुर्चीवर बसता का? तो ग्लास हातात धरा. तुमचा म्हणून सांगते." गावोगाव बाटल्या आडव्या करत फिरलेल्या बापाला तिने बियरचा ग्लास धरायला सांगितलं, इतकी ती घाबरलेली होती. आणि मी धरला. तिने फोटो काढला, पण पाठवला नाही. मी तिचा हात धरून ठेवला होता. दाबून नव्हे. नुसता.

नंतर आम्ही दोघं ली नदीच्या काठाने चालत घरी आलो. डोनलला पाठवून दिलं. जाताना तो म्हणाला, "आमच्या प्रयोगशाळेत आता सगळ्यांनाच सवय झाली आहे. तिचा फोन निघाला की आम्ही बाजूला होतो. तिला त्रास नको म्हणून." ऐकलंत? सातासमुद्रापलीकडे एका प्रयोगशाळेतली शहाणी माणसं, बाया आणि पुरुष, तुमच्या भीतीने खुर्च्या सोडून उठतात. मी ज्याला चोरी समजलो ती त्यांची माया होती. "अप्पा" हे नावही त्याला तिने रोज माझ्या आठवणी सांगितल्या म्हणून माहीत.

काठावर लीना बोलली. एकदम नाही, थोडं बोलायची, पाण्याकडे बघायची. राहुरीला तुमच्या घरीही असंच होतं म्हणाली. भाजी बाजारातून फोटो. बसमधून फोटो, शेजारच्या सीटसकट. प्रयोगशाळेतून घड्याळासह फोटो. फोटो आला नाही तर तुम्ही ओरडत नाही, मारत नाही. तुम्ही जेवत नाही. बोलत नाही. आठवडाआठवडा. आणि मग तिच्या आईला फोन करून हळव्या आवाजात विचारता, लीनाचं माहेरी कुणाशी काही होतं का.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कधी सांगणार? तुम्ही यायचात, ओट्यावर बसायचात, पाणीसुद्धा नको म्हणायचात आणि निघायचात. मी दर वेळी तांब्याभांडं भरून ठेवायची. वाटायचं, आज प्यालात तर थोडं थांबाल. हे लगेच गाडीची किल्ली घ्यायचे. 'मीच सोडतो अप्पांना स्टँडवर.'"

आठवतं मला. तुम्ही चारचौघांत सांगायचात, "आमचे सासरे तत्त्वाचे, पाण्याचा थेंब घेत नाहीत." आणि मी गाडीत तुमच्या शेजारी बसून जगातल्या क्रांत्यांवर बोलत यायचो. तुम्ही फार छान ऐकायचात.

कालचा सगळा दिवस मी हेरगिरी करत होतो आणि तुमच्याकडे तो दिवस आधीच तुकड्यातुकड्यांनी पोचलेला होता. सूप, खुर्च्या, घड्याळ, ग्लास. मग मी कशाला हवा होतो? रात्रभर विचार केला आणि कळलं. तिचे फोटो तुम्हाला पुरत नव्हते. त्यांच्यावर तिच्या बापाची सही हवी होती. मी लिहिलं असतं की आहे, काहीतरी आहे, तर तुम्ही ते पत्र बेलापुरात घरोघर वाचून दाखवलं असतं. कबूल करतो, काल दुपारपर्यंत ते पत्र माझ्या डोक्यात जवळजवळ लिहून झालं होतं.

तेव्हा आता ठरल्याप्रमाणे अहवाल.

तिसरा ग्लास डोनलचा होता. खुर्चीही त्याचीच. तो उठून बाजूला गेला होता. यापुढे तो उठणार नाही. कुणीच उठणार नाही.

घड्याळाचं म्हणाल तर चारतोंड्या खोटारड्याला विचारा.

दिवाळीला लीना येणार नाही. तिची नोकरी आहे आणि ती उत्तम करते. चीजवाली बाईसुद्धा तिला सोडायला तयार नाही. पुढे काय करायचं ते ती ठरवील. वकील बघायचा की नुसतं दार लावून घ्यायचं, हे तिचं. मी इतकी वर्षं सभांतून बायकांना सांगत आलो, शिक्का तुमच्या हातात आहे. आज सकाळी ती थालीपीठ थापत होती, स्वयंपाकाच्या ओट्यावर फोन थरथरत होता. तुमचाच असणार. मी फार कष्टाने गप्प बसलो. माझ्यासारख्याला ते सोपं नाही. तिने पिठाच्या हाताने फोन उचलला, बघितला, आणि तव्यापासून लांब पालथा ठेवला. मग दुसरं थालीपीठ थापायला घेतलं. गावोगाव मतमोजणीला मी उभा राहिलो आहे, अनीशराव. आडवं मत कसं पडतं ते मला ओळखता येतं.

माझं मात्र तिने ठरवायची गरज नाही. परत आल्यावर मी राहुरीला येईन. तिच्या पदव्यांची प्रमाणपत्रं आणि तिच्या आईची पैठणी कपाटाच्या वरच्या खणात आहेत, ती काढून ठेवा. ओट्यावर बसणार नाही. आत येईन, आणि जे बोलायचं ते तिथे उभं राहून बोलेन. शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल. मला कधी माइक लागला नाही. मला स्टँडवर सोडायची तसदी घेऊ नका.

हे पत्र वाचून तुम्हाला संशय येईल की लीनाने मला शिकवलं. येऊ द्या. ती आत्ता समोर बसून थालीपिठावर इथलं लोणी घालते आहे. काय लिहितोय ते तिने विचारलंही नाही. तिला कुणावर नजर ठेवायची सवय नाही.

काल संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. मी आणलेल्या बाटल्या जिन्याशीच राहिल्या होत्या. मी म्हटलं, "लीना, पाणी दे गं." मग तिने नळाखाली तांब्या भरला. बेलापूरहून तिने नेलेला, राहुरीत माझ्यासाठी भरून ठेवायची तोच. मी उभ्याने सगळा रिकामा केला आणि म्हटलं, "अजून दे." आज जेवायलाही इथेच आहे.

उत्तर लिहू नका.

मुलीच्या घरचं पाणी प्यालेला,
नृसिंह